सत्यशीलेचं मागचं दार

माझी सून सत्यशीला कॉलेजच्या सुरक्षा समितीची प्रमुख झाली आणि पहिला दणका मला बसला. घरी आली, पाणी प्यायली नाही, पाय धुतले नाहीत, आणि दारामागची माझी बाज ओढत नेऊन पार कोपऱ्यात लावली.

"अगं, कुठं नेतेस?"

"आत्या, ही बाहेर पडायची वाट आहे. वाटेत काही ठेवायचं नसतं."

"या वाटेनं तुझा नवरा रोज बाहेर पडतो, तू पडतेस. आजवर कुणी अडखळलं का?"

"घाईत अडखळेल."

"कसली घाई?"

"आग लागली तर."

दिवेलागणीची वेळ, देवापाशी उदबत्ती लावलेली, आणि ही बाई घरात आगीचं नाव काढते. मी म्हटलं, आता हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पण ते तिथंच थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी गॅसची टाकी हलली. मग माझ्या उशाखाली चार्जिंगला लावलेला मोबाईल गेला. अजिनाथनं, म्हणजे माझ्या मुलानं, दारात युरियाची पोती टाकली तर त्याला जेवायच्या आधी ती उचलायला लावली. तो माझ्याकडं बघायचा, मी त्याच्याकडं. आपल्याच घरात पाहुण्यासारखं अंग चोरून बसायची वेळ आली.

तशी ती पहिल्यापासूनच अशी. माहेर सोनईचं, बापाची पिठाची गिरणी. गिरणीच्या पट्ट्यात कुणाचा पदर अडकू नये म्हणून लहानपणी ही दारात उभी राहून येणाऱ्या बायांना पदर खोचायला लावायची म्हणे. बाया दळण दुसरीकडं न्यायला लागल्या तेव्हा बापानं हिला शाळेत जास्त वेळ बसवलं. तिथून जी शिकत सुटली ती थेट एम. ए. करून थांबली. अंगानं काडी, चालणं वाऱ्यासारखं, आवाज असा की वर्गात बोलली तर फाट्यावरच्या टपरीत कळावं आज भूगोलाचा तास आहे.

कॉलेज आमच्या फाट्यावरच आहे, शेवगावच्या अलीकडं. एक इमारत, एक पत्र्याची शेड, आणि मागं मुलींचं वसतिगृह. सत्यशीला तिथं तासावर शिकवते. वसतिगृहाला बाईमाणूस पाहिजे म्हणून रेक्टरचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. समितीचं तर त्याहून झकास झालं. वरून पत्र आलं की प्रत्येक कॉलेजात सुरक्षा समिती पाहिजे. प्राचार्य सरांनी मीटिंगमध्ये विचारलं, "प्रमुख कोण होतंय?" सगळे वरच्या पंख्याकडं बघायला लागले. हिचा पेन खाली पडला होता, तो उचलून डोकं वर काढेपर्यंत हिचं नाव लिहून झालं होतं.

दुसरी कुणी असती तर नावापुरती राहिली असती. ही कामाला लागली.

आता वसतिगृहाचं सांगते, कारण सगळं रामायण तिथलं आहे. पुढं एक दार, ते जेवणाच्या हॉलमध्ये उघडतं. दाराला लागूनच स्वयंपाकघर, गॅसच्या टाक्या तिथंच. हॉलपासून आत लांब बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या, खोल्यांच्या खिडक्यांना गज. बोळाच्या शेवटी मागचं दार, लोखंडी जाळीचं. पलीकडं बाभळी आणि पडीक रान. या मागच्या दाराला कुलूप.

कुलूप कुणी लावलं, तर पालकांनी. इथल्या बहुतेक मुली आमच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू गावांतल्या. आईबाप दसरा झाला की कोयते घेऊन कारखान्याला ऊस तोडायला जातात ते उन्हाळ्यात परततात. तेवढे महिने लेक कुणाच्या भरवशावर? तर या दाराच्या. मागच्या साली कुणा टोळभैरवाची मोटारसायकल वसतिगृहाला चकरा मारताना दिसली. सगळे पालक चालून आले. मग संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब स्वतः मुठीएवढं जाड कुलूप घेऊन आले. नारळ फोडला, कुलपाला हळदकुंकू लावलं, दोन्ही हातांनी कुलूप दाबलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो अजून ऑफिसात आहे. किल्ली गेटवरच्या कानिफनाथकडं दिली, त्यानं ती करदोड्याला बांधली. आंघोळीलासुद्धा सोडत नाही म्हणतो.

सत्यशीलेचं म्हणणं सरळ होतं. पुढच्या दाराशी गॅस आहे. तिथंच भडका उडाला तर पोरी मागं पळणार. मागं कुलूप. कानिफ जेवायला गेला असला तर?

प्राचार्य सरांकडं गेली. ते म्हणाले, "मॅडम, मुद्दा बरोबर आहे. पण निर्णय वरचा आहे."

वर काकासाहेब. ते म्हणाले, "मॅडम, कुलूप पालकांचं. मी फक्त दाबलं. पालक हो म्हणाले तर उद्या काढा. पण कुलूप काढलं म्हणून एक जरी पोरगी वसतिगृहातनं गेली, तर त्याला जबाबदार तुम्ही."

म्हणजे तोफेच्या तोंडी पुन्हा हीच. पोरी ठेवायच्या तर कुलूप ठेवा, कुलूप काढलं तर पोरी जाणार. आणि गेलेली पोरगी कॉलेजात परत येत नाही. ती थेट मांडवात उभी राहते, हे सांगायला समिती कशाला पाहिजे.

पालकांत सगळ्यात ठाम होता वाल्मिक. त्याची धनश्री दुसऱ्या वर्षाला. वाल्मिकची आई कडूबाई माझ्या माहेरची, तिचं न् माझं लहानपण एका विहिरीवर गेलेलं. म्हणून सत्यशीलेनं मला सोबत घेतलं. स्कुटीवर मागं बसून गेले. माझ्या गुडघ्यांची सुरक्षा कुठल्या समितीकडं आहे ते तिनं वाटेत सांगितलं नाही.

त्यांच्या अंगणात निघायची तयारी चाललेली. पत्र्याची पेटी उघडी, भांडी पोत्यात भरलेली. वाल्मिक उंबऱ्यावर बसून कोयत्याला कानस मारत होता. कडूबाई बाजरीचं पीठ डब्यात दाबून भरत होती.

"ये आक्का. लई दिसांनी वाट सापडली."

"वाट हिची आहे. मी नुसती ओझं."

सत्यशीला बसली आणि वर्गात सुरू करते तसं सुरू केलं. "आपत्कालीन परिस्थितीत इमारतीला दोन निर्गमन मार्ग असणं आवश्यक असतं."

कडूबाईनं पिठाचा हात तसाच हवेत धरला. "काय म्हनती गं ही, आक्का?"

"आग लागल्यावर म्हणते."

"आग व्हय! मंग तसं सांग की बाई. मला वाटलं सरकारी योजना हाय."

वाल्मिक हसला नाही. कानस थांबवून म्हणाला, "म्याडम, कुलूप काढायचं म्हनत असाल तर चहा घ्या आन जा. तो इषय न्हाई."

"वाल्मिकभाऊ, जरा ऐकून तर घ्या."

"तुमी ऐका. आमी तिकडं कोपीत ऱ्हातो. उसाच्या पाचटाची झोपडी ती. तिला दार नसतंय. गोणपाट अडकवायचं, झालं दार. लेक मोठी झाली तशी माझी झोप गेली बगा. कोन फडाच्या कडंला हिंडतंय, कोन गाडी थांबवतंय, सगळं कान देऊन ऐकायचं आन पहाटं पुन्ना कोयता धरायचा. तुमच्याकडं लोखंडाचं दार बघितलं, कुलूप बघितलं, तवा पहिल्यांदा निजलो मी."

सत्यशीला म्हणाली, "पण कोपी पेटली तर?"

"पेटलीया की. दोन साल झाली. कूड फाडला आन सगळी भाईर. भांडी गेली, मानसं वाचली."

"इथला कूड लोखंडाचा आहे, भाऊ."

"हितं पाचट कुठाय पण? शिमिटाची भित्ताडं हायेत. शिमिट पेटतंय व्हय?" तो उठला. "कुलूप निघालं तर धनश्रीला घेऊन जानार मी. राहात्याकडची सोयरीक आलीया. आजवर न्हाई म्हनलो. मंग हो म्हनीन, दिवाळी झाली का उरकून टाकीन."

कडूबाई खाली बघून पीठ दाबत राहिली. चहा आला तो प्यालो आणि आम्ही उठलो.

परत येताना सत्यशीला स्कुटी बैलगाडीच्या चालीनं चालवत होती. मी म्हटलं, "कुणाच्या दारात गेल्यावर पुस्तक बाहेर ठेवत जा गं. काय ते निर्गमन."

"तुम्ही तरी एक शब्द बोलायचा होता, आत्या."

"काय बोलू? मला तर वाल्मिकचं पटलं. माझी नात असती तर मीही कुलूपच मागितलं असतं."

तिनं स्कुटी थांबवली, मागं वळून माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा चालू केली. रात्री जेवताना म्हणाली, "सगळे पालक ऊस तोडायला जायच्या आधी एकदा कॉलेजात येतात. त्यांच्या डोळ्यांपुढं सराव घेते. दार बंद असलं की काय होतं ते बघू देत."

दसरा झाला आणि तो दिवस आला. मीही गेले. कडूबाई येणार होती, आणि खरं म्हणजे सुनेचं काय होतंय ते बघायचं होतं.

सरावाचा बेत असा. स्वयंपाकघराबाहेरच्या ओट्यावर घमेल्यात पाचट पेटवायचं, म्हणजे गॅसला आग लागली असं समजायचं. घंटा वाजली की अर्ध्या पोरींनी पुढून पळायचं, अर्ध्या पोरींनी मागून. कानिफनं किल्ली घेऊन मागच्या दाराशी उभं राहायचं आणि सत्यशीलेनं शिट्टी मारली की मगच उघडायचं, म्हणजे दार उघडेपर्यंत किती वेळ जातो ते पालकांना कळेल. तिनं कानिफला हे इतक्यांदा सांगितलं की शेवटी तो म्हणाला, "म्याडम, आता झोपेत सुदिक सांगीन मी."

पण आपल्याकडं साधी आगसुद्धा साधेपणानं लागत नाही. पुढच्या दारात पोरींनी भली मोठी रांगोळी काढली होती, मधोमध 'सुरक्षा प्रथम'. भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं खंडेनवमीला कोयत्याकुदळींबरोबर पुजलेलं, त्याच्या गळ्यात वाळका झेंडूचा हार तसाच, आणि हाराचा दोरा नळकांड्याच्या पिनेभोवती चांगला गच्च गुंडाळलेला. खुर्च्या मांडल्या. काकासाहेब उशिरा आले. मग समई, मग स्वागत, मग शाल, नारळ, भाषण. पोरी आत खोल्यांमध्ये आग लागायची वाट बघत घामाघूम. शेवटी माईकवरून एक प्राध्यापक म्हणाले, "आता मान्यवरांच्या शुभहस्ते आग लावण्यात येईल."

काकासाहेबांनी समई लावली होती त्याच काडेपेटीनं घमेलं पेटवलं. टाळ्या.

मी तोवर उठून मागं बाभळीखाली जाऊन बसले होते. धूर मला सोसत नाही आणि भाषण त्याहून नाही. वाल्मिक तिथं आधीच तंबाखू मळत उभा होता.

"मावशी, तुमी बी सुटला व्हय?"

"सुटले बाबा. कानिफ कुठाय पण? तो इथं पाहिजे होता ना?"

"त्यो गेला फाट्यावर गाडीवरनं. कालेजच्या सायबांनी धाडला. काकासायबांना बिनसाखरंचा चहा लागतो म्हनं."

मी कपाळावर हात मारला. किल्ली कानिफच्या कमरेला, कानिफ चहाच्या टपरीवर. एवढ्यात घंटा वाजली.

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. ज्वाळा उठू नयेत म्हणून कानिफनं जायच्या आधी पाचटावर पाणी शिंपडलं होतं. त्याच्या मते ती सुरक्षा. ओल्या पाचटाचा पिवळा, गच्च धूर निघाला आणि वारा सुटला तो नेमका आतल्या बाजूला. पोरी हॉलमधून धावत दाराशी आल्या आणि थांबल्या. पुढं चपलांचा ढीग. सगळ्या वसतिगृहाच्या चपला दाराबाहेर काढलेल्या. पहिली पोरगी वाकून आपली चप्पल शोधायला लागली. दुसरीला एक सापडली, जोडीची सापडेना. तिसरी रांगोळी मोडू नये म्हणून एका पायावर उड्या मारत कडेनं निघाली. सत्यशीला ओरडतेय, "चपला सोडा! पळा!" आणि पोरी म्हणतायत, "मॅडम, सराटे आहेत!" ते खरंच होतं. अंगण सराट्यांनी भरलेलं, अनवाणी पाऊल टाकायची सोय नाही. आग खोटी, काटे खरे. कोण चप्पल सोडेल? मागच्या पोरी खोकतायत, ढकलतायत, आणि बाहेर पालक हसून मोबाईलवर शूटिंग काढतायत.

सत्यशीला नळकांड्याकडं धावली. पिनेचा दोरा सुटेना. दातांनी तोडायला बघितला, झेंडूच्या पाकळ्या तोंडात आल्या. शेवटी तिनं पेटलेलं घमेलं लाथेनं ओट्यावरून खाली उडवलं. साडीचा काठ जळला. पण आत कोंडलेला धूर आतच होता.

आणि तो धूर चुकवत मागच्या पोरी, शिकवल्याप्रमाणे, मागच्या दाराकडं वळल्या.

आम्हाला आधी पावलांचा आवाज आला. मग जाळीच्या पलीकडं धनश्री दिसली, ओढणी तोंडावर दाबलेली. तिच्या मागं पोरी, आणि पोरींच्या मागं बोळात काही दिसतच नव्हतं, नुसता धूर.

वाल्मिकनं तंबाखू तोंडात टाकली. "काय गं, लई भारी जमवलंय नाटक."

"आप्पा, किल्ली!"

"कानिफकडं हाय की."

"कानिफमामा कुठाय? आप्पा, दार उघडा! निकिता खाली बसलीय, तिला दमा हाय. मागनं ढकलाय लागल्यात."

वाल्मिकचं हसणं तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं. त्यानं तंबाखू थुंकली, पुढं झाला, दोन्ही हातांची बोटं जाळीत घातली आणि दार आपल्याकडं ओढलं. अगदी कूड फाडावा तसं. दार नुसतं खडखडलं. त्यानं पाय भिंतीला लावला आणि पुन्हा ओढलं. मानेच्या शिरा फुगल्या, बोटं कापली, दार जागचं हललं नाही. आतून धनश्रीनं त्याची बोटं धरली.

"आप्पा, न्हाई निघत ते."

"निघतंय! मावशी, दगड! दगड आना मोठा!"

माझ्या गुडघ्यांनी त्या दिवशी तक्रार केली नाही. दगड दिला. त्यानं मारायला सुरुवात केली. काकासाहेबांनी कुलूप मात्र अस्सल आणलेलं. दगडाचे टवके उडाले, कुलपाला ओरखडासुद्धा नाही. शेवटी दाराचा कोयंडाच भिंतीतून उपटून आला, कुलूप जसंच्या तसं त्याला लोंबकळत.

पोरी लोंढ्यासारख्या बाहेर पडल्या, अनवाणी, सराट्यांवरून. निकिताला दोघींनी उचलून आणलं. मी तिला बाभळीखाली बसवलं, एकीनं पळत जाऊन तिचा दम्याचा पंप आणला, आणि थोड्या वेळानं तिचा श्वास खाली बसला. बाकी खोकला, काटे आणि रडणं, याच्यापलीकडं कुणाला काही झालं नाही. देवाची कृपा, आणि ती आमच्या समितीच्या पुढं धावली म्हणून.

पुढच्या अंगणात तेव्हा माईक चालूच होता. "प्रात्यक्षिक अत्यंत यशस्वी झालेलं आहे." आणि तेवढ्यात कानिफ बिनसाखरेचा चहा घेऊन आला.

वाल्मिक इमारतीला वळसा घालून आला. एका हातात कोयंडा आणि कुलूप, दुसऱ्या हातात लेकीचं मनगट. बोटांतून रक्त. सत्यशीला ओट्याच्या पायरीवर बसून एका पोरीच्या तळव्यातले सराटे काढत होती. तिचा काठ अजून धुमसत होता, तिला पत्ता नव्हता. मी जाऊन त्यावर समईजवळच्या तांब्यातलं पाणी ओतलं.

"म्याडम, हे काय केलं तुमी?" वाल्मिकचा आवाज फाटलेला. "पोरी मेल्या असत्या माझ्या देखत!"

वाटलं आता ही भूगोल सुरू करणार. पण ती काटा काढतच म्हणाली, "मेल्या असत्या, भाऊ. मी किल्ली मागं ठेवली होती. ती चहाला गेली. रोज कुठं ना कुठं जातेच."

काकासाहेब पुढं आले. "घाबरू नका. याच्याहून मोठं कुलूप आणतो."

"काकासायब," वाल्मिक म्हणाला, "कुलूप नगं आता."

मग जो कालवा झाला तो विचारू नका. कडूबाईच सगळ्यात आधी उठली. "नगं म्हंजे? दार उघडं टाकायचं? आमी तिकडं फडात आन हिकडं कोन बी यावं, कोन बी जावं?" दुसऱ्या बाया तिला मिळाल्या. एक म्हणाली लेकीला आजच नेते. एक बाप म्हणाला, धूर काय रोज होतो का, मोटारसायकल रोज येते. प्राचार्य सर म्हणाले, या विषयावर आपण एक उपसमिती नेमू. मला वाटलं त्यांनाच घमेल्यात बसवावं.

सत्यशीला उठली. आवाज नेहमीपेक्षा खाली. "कडूमावशी, मला एकच सांगा. तुम्हाला दार बंद पाहिजे, की दार उघडलेलं कळायला पाहिजे?"

"म्हंजे?"

"समजा, बाहेरून कुणाला उघडता आलं नाही. आतून उघडलं तर सगळ्या फाट्याला कळलं. मग चालेल?"

कडूबाईनं पदर सावरला, लेकाकडं बघितलं. "कळलं तर चालंल. पन कळायला पायजे. कानिफला कळायला पायजे. त्यो तर उठवल्याबिगर उठत न्हाई."

काकासाहेब लगेच म्हणाले, "भोंगा लावू विजेचा. नगरहून मागवतो."

"आन लाईट गेल्यावर?" कुणीतरी मागून विचारलं. आमच्याकडं लाईट येते कधी हा खरा प्रश्न.

वाल्मिक तडक गेटबाहेर गेला, मोटारसायकलला लाथ मारली आणि निघून गेला. लोकांना वाटलं रागानं गेला. धनश्री रडायला लागली. मला वाटलं, आता ही राहात्याला जाणार. सत्यशीलेलाही तेच वाटलं असणार, तिचा चेहरा उतरला. कुणी जेवलं नाही. कानिफ तेवढा तो चहा स्वतः प्यायला.

वाल्मिक आला तो गळ्यात घुंगरमाळ अडकवून. पितळी घुंगरांची, बैलाच्या गळ्यातली, चांगली जड.

"बैल इकलं तवा ही न्हाई दिली," तो म्हणाला. "आमी टायरगाडीवर जायचो तवा पहाटंच्या अंधारात हिच्यावरनं कळायचं कंची गाडी कुठं हाय. लई लांब जातो हिचा आवाज."

त्या दुपारी दाराला आतून कडी बसली, बाहेरून काही नाही. घुंगरमाळ जाळीच्या वरच्या पट्टीला आवळली. कडूबाई गेटवर कानिफच्या खुर्चीत जाऊन बसली, डोळे मिटून घेतले आणि ओरडली, "उघडा!" आतून धनश्रीनं कडी काढली. छनाछन असा आवाज उठला की बाभळीवरचे बगळे उडाले.

"पुन्ना! हळू उघड, चोरावानी!"

चोरासारखं उघडलं तरी वाजलं.

"आता कानिफला झोपवा खुर्चीत!"

"आजी, मी झोपत न्हाई ड्युटीला!" कानिफ म्हणाला, आणि सगळे पालक इतके हसले की तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

लेक नेते म्हणणाऱ्या बाईनं स्वतः दार उघडून बघितलं, मग पिशवी पुन्हा खोलीत ठेवली. एकीनं मात्र ऐकलं नाही, ती पोरीला घेऊन गेलीच. सत्यशीला गेटपर्यंत तिच्या मागं गेली, बोलत राहिली, उपयोग झाला नाही. ती गोष्ट ती अजून घरात काढते, भाकरी थापता थापता मध्येच.

काकासाहेबांना घुंगरमाळेचं उद्घाटन करायचं होतं. ते झालं नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून सत्यशीलेनं सगळ्या पोरींच्या हातात खुरपी दिली आणि अंगणातले सराटे मुळासकट काढायला लावले. मलाही बसवलं. चपलांचा मुक्काम दारासमोरून हलवून भिंतीच्या कडेला गेला. प्राध्यापक मंडळी अजून जुन्या जागीच चपला काढतात, आणि ही वर्ग सोडून येऊन त्या भिंतीकडं फेकते. गेल्या आठवड्यात प्राचार्य सरांचा एक बूट दिवसभर सापडत नव्हता.

ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर निघाला तेव्हा मी फाट्यावर होते. ट्रॉलीत पेट्या, भांडी, शेरडं, सगळ्यांच्या वर कडूबाई. कॉलेजसमोर आल्यावर वाल्मिकनं ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारून ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरला आणि तोंडाशी हात धरून हाक मारली.

"धने! वाजव!"

इमारतीच्या मागून घुंगरं वाजली.

"अजून एकदा!"

मागून मुकादम मोटारसायकलवर आला आणि ओरडायला लागला, "अरं, कारखान्याला कवा पोचायचं? हितंच दिवाळी करायची का?"

वाल्मिकनं त्याच्याकडं बघितलंही नाही. कान रस्त्यावरून इमारतीकडं लावून उभा. घुंगरं पुन्हा वाजली, या वेळी जरा रागानंच वाजल्यासारखी.

"आप्पा, तास चुकतोय माझा!" आतून धनश्री ओरडली.

"बरं बरं, जा!" तो म्हणाला, ट्रॉलीत चढला, आणि ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेला लागला.